बोरपाणीच्या बेटाला झालेला फायदा

ज्या जमिनीच्या चारही बाजूंना पाणी असते तिला बेट म्हणतात, आणि तिच्या चारही बाजूंना करार झाला की तिलाच अर्थव्यवस्था म्हणतात. नागपूरला समुद्र नाही, तेव्हा इथल्या माणसाला बेटांच्या अर्थकारणातलं काय कळणार, असा एक गैरसमज आहे. नागपूरहून रामटेककडे जाताना लागणाऱ्या बोरपाणीच्या तलावाने तो कायमचा दूर केला.

तलावाच्या मधोमध बेट. बेटावर एक आवळ्याचं झाड, आणि तिथवर पोचवायला नत्थूचा डोंगा. गावातली यच्चयावत साक्षगंधं याच आवळ्याखाली झाली. दोन्हीकडची मंडळी जमायची, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायची, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीसंगं पोट तट्ट होईस्तोवर हाणायची, आणि मग अंगठी. उपाशीपोटी सोयरीक जोडायची नाही, हा बोरपाणीचा कायदा. हे सगळं इतकं मागासलेलं होतं, की कोणी त्याचा फोटोसुद्धा काढत नसे.

मग कंपनी आली. ज्या देशाची ती कंपनी, तो देश म्हणे स्वतःच एक बेट आहे. आता बेटाचं दुःख बेटालाच कळणार! नत्थूने साहेबांना डोंग्यातून नेलं, रोडगे खाऊ घातले. साहेब आडवे होईस्तोवर जेवले. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत सगळ्यांनी सगळं विचारलं. लाइट येईल का, रस्ता होईल का, पोरं कामाला लागतील का. फक्त साहेब जाणार कधी, हे कोणी विचारलं नाही. घरी जेवलेल्या पाहुण्याला 'जाता कधी' विचारणं बोरपाणीत पाप समजतात. करार नव्याण्णव वर्षांचा निघाला. (पाहुणा आहे, राहील दोन दिवस, असं नत्थूला अजूनही वाटतं.)

रिसॉर्ट उभं राहिलं आणि काय सांगू बाप्पा, बेटाचं सोनं झालं. आंघोळीचा साबण परदेशातून आला, खुर्च्या परदेशातून आल्या. 'ग्रामीण रोडगा अनुभव' सुरू झाला, त्याचं पीठही जहाजातून आलं. वांगी आली. गोवऱ्या आल्या, त्याही बिनवासाच्या, गाईची हरकत नसल्याच्या प्रमाणपत्रासह. स्थानिकांना झालेल्या लाभाची रीतसर पाहणी झाली. तिच्यानुसार बेटावरच्या दर शंभर गोष्टींपैकी सत्त्याण्णव बाहेरच्या होत्या. उरलेल्या तीन म्हणजे धूर, डास आणि नत्थू.

नत्थूला पद मिळालं, सांस्कृतिक जलदूत. डोंगा बॅटरीवर चालू लागल्यामुळे वल्हं मारायचं काम उरलं नव्हतं. वल्हं हातात धरून, धोतर नेसून, दूर क्षितिजाकडे पाहायचं. बापजन्मात धोतर नेसला नव्हता, तरी पहिल्या दिवशी छाती फुगवून उभा राहिला.

"दिवसभर उभं राहून काय करून राहिले तुम्ही?" त्याची बायको सरिता विचारायची.

"विकास," नत्थू सांगायचा.

अशात त्याच्या पोरीचं, गोपिकाचं, काटोलच्या घरात जमलं. आवळ्याखाली साक्षगंध झाल्याशिवाय बोरपाणीची पोर निघत नाही, आणि आवळा तर आता स्वागतकक्षात होता. नत्थू मॅनेजरकडे गेला. मॅनेजर उन्मेष हा नागपूरचाच, मोठा मनमिळाऊ मुलगा. तो म्हणाला, "काका, परवानगी काय मागता! घरचंच आहे." अटी मामुली होत्या. रविवारी संध्याकाळी, उजेड सोनेरी असताना, पाहुण्यांच्या समोर व्हावं. बाहेरचं खाणं आणू नये. आणि नत्थूने त्या दिवशी सुट्टी घेऊ नये, कारण रविवारी गर्दी असते.

काटोलच्या व्याह्यांनी स्वतःच्या बागेतल्या संत्र्यांचं टोपलं आणलं होतं. ते फाटकावर ठेवून घेतलं. आत त्यांच्या हाती डब्यातला, सातासमुद्रापारचा संत्र्याचा रस दिला. व्याह्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवून उठले.

"चाल गा पोरा," ते नवरदेवाला म्हणाले. "काटोलच्या मानसाले हे पाजून राहिले?"

सोयरीक तिथंच मोडायची. नत्थूने धोतरासकट हात जोडले, "माह्या पोरीकडे पाहून बसा न जी." व्याही बसले. रस मात्र कोणी प्यायला नाही.

गोपिकाने बोट पुढे केलं आणि तेवढ्यात काठावरून निरोप आला. एका पाहुण्यांना जलदूतासोबत फोटो हवा होता, ऊन कलायच्या आत. नत्थू क्षणभर थांबला. मग गेला. वल्हं धरलं, क्षितिजाकडे पाहिलं. मागे टाळ्या वाजल्या, म्हणजे अंगठी घातली गेली होती.

पर्यटनाचा फायदा होत नाही म्हणणाऱ्यांनी इथे कान द्यावेत. पुढच्या रांगेतल्या काही पाहुण्यांचा फोटो हलला होता, म्हणून त्यांनी अंगठी पुन्हा घालायला लावली. त्यामुळे धावत परतलेल्या नत्थूला आपल्या पोरीचं साक्षगंध दुसऱ्या खेपेला का होईना, पाहता आलं.

"आपल्याच पोरीच्या साक्षगंधाले आपन पाहुने झालो," सरिता डोळे पुसत म्हणाली.

"पाहुने नाई वं," नत्थू म्हणाला. "पाहुन्याले खुर्ची भेटते."

आणि जलदूतासोबतचा तो फोटो झकास आलाय बरं का. तुमच्याच फोनमध्ये आहे, काढून बघा. "काका, जरा हसा की," असं दोनदा म्हणाला होतात तुम्ही. नागपूरला परत जाताना गाडीतूनच चार तारे दिलेत, जेवण अस्सल गावरान असल्याचं लिहिलंत. पाचवा तारा नावाड्याचा चेहरा पडलेला होता म्हणून कापलात. उन्मेषने नत्थूचा त्या दिवसाचा रोज तेवढ्यावरूनच कापला.