चाळीस हजार पॉइंटांची पाळी

सोनपेठच्या आठवडी बाजाराचा दिवस. व्यंकटरावांच्या खता-बियाण्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि नेमका तेव्हाच तानुबाईंनी घरून फोन करून नवऱ्याला विमान कंपनीचा निरोप वाचून दाखवला. व्यंकटरावांच्या खात्यातले चाळीस हजार पॉइंट महिनाअखेरीला रद्द होणार होते. व्यंकटरावांचा स्वतःचा फोन दिवसभर कपाशीवरच्या अळीच्या चौकशांनी तापलेला असे, म्हणून या खात्याला त्यांनी तानुबाईंचाच नंबर देऊन ठेवला होता.

पॉइंट फुकटचे वाटत असले तरी फुकटचे नव्हते. बियाणं आणि औषधं विकून टार्गेट पुरं केलं की बियाण्याची कंपनी दुकानदारांना विमानाने फिरवून आणते आणि त्या प्रवासाचे पॉइंट खात्यात पडतात. व्यंकटराव असे अकरा वेळा जाऊन आले होते. एका दुकानाला एकच सीट, त्यामुळे तानुबाई अकराही वेळा घरीच राहिल्या. पहिल्या खेपेहून परत आल्यावर 'पुढच्या डावाला तुला नेतो' असा शब्द व्यंकटरावांनी दिला होता, त्यालाही आता चौदा वर्षं होत आली. तानुबाईंनी त्या शब्दाची कधी आठवण काढली नाही आणि हेच व्यंकटरावांना जास्त लागत होतं. दोघांचेही गुडघे आता कुरकुरायला लागले होते. या महिन्यात तिला विमानात खिडकीशी बसवायचं, शेजारी आपण बसायचं आणि खालचे ढग दाखवायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. नांदेडहून हैदराबाद, जाऊन येऊन दोघांचं तिकीट बरोबर चाळीस हजारांत बसत होतं. हे काम त्यांनी मुलावर सोपवलं आणि तिथेच चूक झाली.

मुलगा हरिओम पुण्यात नोकरीला होता आणि सध्या घरूनच काम करत होता. त्याच्याकडे सात क्रेडिट कार्डं होती. लोक सामान घेतात आणि त्यावर पॉइंट मिळतात; हरिओम पॉइंट घ्यायचा आणि त्यावर सामान यायचं. घरात न उघडलेले तीन मिक्सर त्याच्या हिशेबाने कमाईत जमा होते.

"आण्णा, हैदराबादला हे पॉइंट वापरणं म्हंजे बासमती कोंबड्यांना टाकणं," तो म्हणाला. "घंटाभराच्या विमानात काय वसूल होतंय? हैदराबादहून दिल्लीला जावा. पुढच्या मोठ्या सीटवर. झोपून जाता येतंय."

"अन् हैदराबादला कसं जायचं?"

"रेल्वेनं."

म्हणजे घंटाभराचं विमान टाळून रेल्वेत दहा घंटे बसायचं आणि मग विमानात झोपायचं. व्यंकटरावांना हे काही पटलं नाही, पण मुलगा शिकलेला होता आणि शिकलेल्या मुलाशी वाद घालायचा कंटाळा त्यांना फार दिवसांपासून होता. तानुबाईंनी स्वयंपाकघरातून एवढंच विचारलं, "दिल्लीत कोण हाय आपलं?"

मोठ्या सीटांना ऐंशी हजार पॉइंट लागत होते. होते चाळीस. त्यावरही हरिओमकडे तोड होती. विमान कंपनीत म्हणे कुटुंबाचं एक खातं काढता येतं, घरच्या सगळ्यांचे पॉइंट त्यात एकत्र होतात. गंगाखेडला दुकान असलेला धाकटा भाऊ बजरंग असाच दोन-तीनदा फिरून आला होता. त्याच्याकडे बारा हजार निघाले. थोरली बहीण सरजाबाई येलदरीकडे राहायची. तिचा मुलगा शिवशंकर दुबईत होता आणि सुनेच्या बाळंतपणांना ती तीनदा विमानाने जाऊन आली होती. तिचे तीस हजार. दोघांनीही मागितल्याबरोबर होकार दिला. ज्या वस्तूचा आपल्याला काही उपयोग माहीत नाही, ती द्यायला माणूस कधीच मागेपुढे पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी बजरंग, सरजाबाई आणि तानुबाई अशा तिघांच्याही फोनवर निरोप आला: आपल्या कुटुंबाचे एकूण पॉइंट ब्याऐंशी हजार. तो वाचल्याबरोबर बजरंग गंगाखेडहून मोटारसायकलवर आला. त्याने पाणी पिलं, घाम पुसला आणि विचारलं, "दादा, ब्याऐंशीत माझी वाटणी किती धरलीय?"

व्यंकटरावांनी समजावून पाहिलं. तू बारा दिलेस, ते मी वहिनीसाठी मागून घेतले, वाटणीचा संबंध येतो कुठे? पण बजरंगचं म्हणणं असं की सामायिकात एकदा टाकलं की सगळं सगळ्यांचं. जमीन सामायिक होती तेव्हा कुणाचा बांध कुठला हे कुणी विचारलं होतं का? त्याला आणि बायको राजेश्रीला तिरुपतीला जायचं होतं, आणि ब्याऐंशी भागिले तीन हे त्याने मोटारसायकलवरच करून आणलं होतं.

संध्याकाळच्या एसटीने सरजाबाई आली. बरोबर चार दिवसांचे कपडे होते, त्यावरून व्यंकटरावांनी काय ते ओळखलं. बजरंगच्या वाटणीला तिने एका वाक्यात उडवून लावलं.

"विहिरीचं पाणी कुणी वाटून घेतंय का रे? पाळी लागती. अन् पाळी थोरल्यापासून सुरू होती."

थोरली तीच होती. पहिली पाळी तिची, काशीला जायची, मग व्यंकटची, मग बजरंगची. वडिलांच्या विहिरीची पाळी ठरायला या तिघांना अडीच वर्षं लागली होती, आणि ही विहीर तर नऊ दिवसांत निम्मी आटणार होती. व्यंकटरावांनी हे सांगितलं, तर आटणारं पाणी नेमकं कुणाचं यावर पुन्हा एक दिवस गेला.

पुढचे सहा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. बजरंग रोज सकाळी दुकान बायकोवर टाकून यायचा. हरिओम दर घंट्याला नवी योजना काढायचा: आत्या काशीला अर्ध्यापर्यंत विमानाने, काका तिरुपतीहून येताना विमानाने, आण्णा आणि माय दिल्लीला जाताना एक मोठ्या सीटवर, दुसरं साध्या सीटवर. प्रत्येक योजनेत वसुली आधीपेक्षा जास्त होती. खातं उघडायला दरवेळी आकडा लागायचा, तो तानुबाईंच्या फोनवर यायचा. "माय, ओटीपी," अशी हाक आली की तानुबाई कणकेचे हात पुसून सहा आकडे वाचून दाखवत आणि परत पोळ्यांकडे वळत. दिवसाला चहाची पाच आधणं होत होती. व्यंकटरावांना रात्रीची झोप नव्हती आणि दिवसा दुकानात गिऱ्हाइकाने तणनाशक मागितलं तर ते बियाणं काढून देत होते. आपण बायकोला ढग दाखवायला निघालो होतो, हेही त्यांना आता मुद्दाम आठवावं लागे.

अठ्ठावीस तारखेला बैठक पुन्हा बसली. बजरंग आवाज चढवून पाळीच्या विरोधात बोलत होता, सरजाबाई त्याच्याकडे पाठ करून बसली होती, आणि तेवढ्यात त्या दोघांचे आणि स्वयंपाकघरातला तानुबाईंचा असे तिन्ही फोन एकदम वाजले. बजरंगने मोठ्याने वाचलं, "अभिनंदन. आपल्या कुटुंबानं चाळीस हजार पॉइंट वापरून दोन प्रवाशांची तिकिटं काढली हायेत."

सगळ्यांनी हरिओमकडे पाहिलं. हरिओम घाबरून म्हणाला की मी नाही, मी तर अजून तुलना करायलोय. त्याने खातं उघडायला आकडा मागितला. तानुबाईंनी तो शांतपणे सांगितला.

"नांदेड ते हैदराबाद," हरिओम वाचू लागला आणि त्याचा आवाज बसला. "जाऊन येऊन. साधी सीट. माय, तुझं नाव हाय."

दोन तिकिटं! व्यंकटरावांना एकदम भरून आलं. इतकी वर्षं तोंडातून शब्द न काढणाऱ्या बायकोने शेवटी आपल्या दोघांचं आपणच जमवलं होतं. पोरगं शिकून जे करू शकलं नाही ते तिने पोळ्या लाटता लाटता केलं. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"अन् दुसरं सुलाबाईचं," हरिओम म्हणाला.

सुलाबाई म्हणजे शेजारीण. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. लेक सुकेशनी हैदराबादेत दवाखान्यात नर्स होती. तिनेच फोनवरून तिकिटं काढली होती आणि आकडा तानुबाईंनी सांगितला होता.

"बजरंगभावजींचे बारा अन् आक्कांचे तीस तसेच हायेत," तानुबाई म्हणाल्या. "आपले होते तेवढेच घेतले."

यात भांडण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं, त्यामुळे बजरंग आणि सरजाबाई दोघेही फार हिरमुसले. व्यंकटरावांनी हळूच विचारलं, "अन् मी?"

"तुमी अकरा डाव बसलेलेच हाव की. ती बिचारी कवा बसलीय?"

पुढच्या आठवड्यात व्यंकटराव दोघींना नांदेडला सोडून आले. वाटभर त्यांनी पट्टा कसा लावायचा, कानाला दडे बसले तर काय करायचं, हे सगळं सांगितलं. दोघी हो हो म्हणत सुकेशनीसाठी नेलेल्या शेवया रस्त्यातल्या खड्ड्यांनी मोडतील का याबद्दल बोलत होत्या. विमानतळाच्या दारात शिपायाने व्यंकटरावांना तिकीट विचारलं आणि बाहेरच उभं केलं. आतमध्ये दोघी कशावरून तरी हसत होत्या, ते त्यांनी काचेतून पाहिलं. त्यांना वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि परतीच्या एसटीत बऱ्याच दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तानुबाईंचा फोन आला. चौदा वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला होता ते व्यंकटरावांनी विचारलं, "कसं वाटलं गं इमानात?"

"काय न्हाई. बसलं अन् उतरलं," तानुबाई म्हणाल्या. "खाली नुसता कापूस दिसायला. कुणाशी बोलावं म्हणलं तर समदे डोळे मिटून. एवढ्यासाठी अकरा डाव जायलेते का तुमी?"

"ढग हायेत ते," व्यंकटराव म्हणाले.

"आयका," तानुबाई पुढे म्हणाल्या, "सुलाबाई म्हणायली, येताना रेल्वेनं येऊ. टेशनं बघत, दाणे खात येता येतंय. तिकीट वाया गेलं तर चालंल का?"

समोर हरिओम बसला होता. बजरंगच्या बारा हजारांत काय काय येतं, ते तो कागदावर मांडत होता. व्यंकटरावांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "चालतंय. परभणीला घ्यायला येतो मी."