मनोरमाबाईंची मान

मनोरमाबाईंची दहा वर्षांची मानदुखी बाम, पट्टा आणि तीन उशा बदलूनही हटली नव्हती. मग प्राजक्ता नावाच्या फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवले आणि बाईंनी जाहीर केलं, "एक दिवस चुकवला तर नावाची मनोरमा नाही!"

आज बेचाळिसावा दिवस! पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरच्या अंगणात बाई खुर्चीवर ताठ बसल्या. डोळे मिटले. तळहात कपाळावर टेकवला. हाताने डोकं मागे रेटायचं, डोक्याने हटायचं नाही आणि मनात दहा मोजायचे. मधे बोललं की आकडा चुकतो, म्हणून बोलणं बंद!

शेजारच्या चौरसिया भाभी फाटकाशी थबकल्या. "क्या हुआ, भाभीजी?"

बाई सहावर होत्या. गप्प!

घाबरून भाभींनी समोरच्या कुसुमला हाक मारली. ती धावत आली. "वहिनी, कपाळाला हात लावून का बसलात? भावजी बरे आहेत ना?"

नेमका तेव्हाच पुढचा व्यायाम सुरू झाला. मान सावकाश डावीकडे, सावकाश उजवीकडे...

"नाहीत?" कुसुम किंचाळली आणि तिने थेट मंडीदीपला भावजींच्या कारखान्यात फोन लावला. उचलला खुद्द उदयरावांनीच! "अगंबाई, तुम्ही आहात? मग वहिनींनाच काहीतरी... लवकर या हो!" आणि ती रडायलाच लागली.

सगळे व्यायाम आटोपून बाईंनी डोळे उघडले, तर समोर आठ बायका! एकीच्या हातात ग्लुकोजचं पाणी, दुसरीकडे चहाचा थर्मास!

"अगं, व्यायाम करतेय मी!"

सगळ्या हसत सुटल्या. भाभी म्हणाल्या, "गर्दन तो हमारी भी दुखती है। सिखाइए ना!"

बाई अशा फुलल्या की उदयरावांना परत फोन करायचं कुणालाच सुचलं नाही. "जोर नको, हळू! दुखलं तर थांबायचं!" आठ बायकांचा वर्ग सुरू झाला.

तेवढ्यात स्कूटर येऊन थांबली. उदयरावांनी पाहिलं. अंगणभर बायका. डोळे मिटलेले, हात कपाळाला, कुणी बोलेना! स्कूटर तशीच सोडून ते फाटकातूनच ओरडले, "मनू!"

संसाराच्या एकतीस वर्षांत अशी हाक नव्हती आली! सगळ्यांच्या मागे उभं राहून शिकवणाऱ्या बाई पुढे धावल्या. "अहो, मला काही झालं नाही! व्यायाम चाललाय!" मग आठही जणींकडे एकवार अभिमानाने बघून त्यांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "एवढी काळजी वाटली माझी?"

"वाटणारच!" उदयराव घाम पुसत म्हणाले. "माझ्या बीपीच्या गोळ्या कुठे असतात, ते मला कोण सांगणार होतं?"

मनोरमाबाईंनी फणकाऱ्याने मान फिरवली. पार खांद्यापर्यंत! आणि काय सांगावं, जरासुद्धा दुखली नाही!