लाल पट्टी

सकाळी वर्गात पाऊल टाकलं की रसिका टिपणीस आधी फळ्याशेजारचा तक्ता बघायची आणि मग देवाचं नाव घ्यायची. आखातातल्या अबू हलीफाच्या त्या शाळेत मुलांच्या मनाची काळजी सुरू झाली, तेव्हापासून तिच्या मनाची कुणाला पर्वा राहिली नव्हती. प्रत्येक मुलाने आपल्या नावाचा कपड्याचा चिमटा तक्त्यावर लावायचा. आनंदात असेल तर हिरव्या पट्टीवर, भीती वाटत असेल तर लाल. लाल चिमटे तीनपेक्षा जास्त झाले की बाईंची तक्रार प्रिन्सिपलकडे. रसिकाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, याच महिन्यात संपत होता, आणि नव्या अर्जावर सही प्रिन्सिपलचीच हवी होती.

गणिताच्या चाचणीच्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस चिमटे लाल. चाचणी पुढे ढकलते, असं रसिका म्हणाली, तसे सगळे चिमटे हिरव्यावर. एवढं गणित मुलांना पहिल्यांदाच पटकन कळलं. दुसऱ्या दिवशी तिने गृहपाठाचं नाव काढताच रितेश शांतपणे उठून तक्त्याकडे चालू लागला. गृहपाठ गेला. गुरुवारपर्यंत अपूर्णांकही गेले.

"अगं, मुलांनी तुला घाबरायचं की तू मुलांना?" नवऱ्याने, अभिजीतने विचारलं.

"सही होईपर्यंत मी," ती म्हणाली.

रविवारी प्रिन्सिपल फखरुन्निसा मॅडम अर्जाची फाइल घेऊन थेट वर्गात आल्या. तक्ता हिरवागार. मॅडम खूश झाल्या आणि म्हणाल्या, "मिस भी तो क्लास में हैं. उनकी क्लिप?"

रसिकाने कोऱ्या चिमट्यावर नाव लिहिलं आणि थरथरत्या हाताने तो हिरव्यावर लावला. पहिल्या बाकावरची अबोली तिच्या हाताकडे बघत होती. ती उठली, चिमटा काढला आणि हलकेच लाल पट्टीवर लावला.

"इट्स ओके, मिस."

मिसला एकटं कसं सोडायचं? बघता बघता सव्वीस चिमटे लाल पट्टीवर गेले.

रसिकाला डोळ्यांसमोर विमानतळ दिसू लागला. मॅडमनी वर्गाचं दार लावून घेतलं. मग हलक्या आवाजात आणखी एक कोरा चिमटा मागितला, त्यावर स्वतःचं नाव घातलं आणि लाल पट्टीच्या टोकाला लावला.

"मंगल को मिनिस्ट्री का इन्स्पेक्शन है," त्या म्हणाल्या, आणि त्याच पेनाने, तितक्याच थरथरत्या हाताने त्यांनी फाइलवर सही केली.

रितेशला राहवलं नाही.

"डोन्ट वरी, मॅम," तो म्हणाला. "जस्ट लीव्ह इट ऑन रेड. दे विल कॅन्सल."