चौधरी बाई आणि कोरडी हवा

चौधरी बाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "सर, तुम्ही डोक्याला तेल लावता?"

जानेवारीतली गोष्ट; मला शाळेत रुजू होऊन दहा मिनिटं झाली होती. साताऱ्याहून आलेला, विरारला फ्लॅट घेतलेला मराठीचा शिक्षक मी, निदान "गाव कुठलं तुमचं?" एवढ्या चौकशीची अपेक्षा होती. मी नाही म्हणालो. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकचा कंगवा काढून माझ्या हातात दिला. "दहा वेळा फिरवा. जोरात." मी फिरवला. तो कंगवा त्यांनी टेबलावरच्या कागदाच्या कपट्यांवर धरला, तसे कपटे उड्या मारून त्याला चिकटले.

"सातवी अ, चौथा तास," बाई म्हणाल्या. "या हं, विसरू नका."

त्या दिवसापासून माझं डोकं प्रयोगशाळेचं साहित्य झालं. त्याच्या आत काय आहे याबद्दल बाईंनी कधी कुतूहल दाखवलं नाही.

बाई वसईजवळच्या निर्मळ गावच्या. केळीच्या वाडीला लागून त्यांचं घर, पलीकडच्या घरात भाऊ-वहिनी. लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याच्या हातात बाई आधी फुगा देत. विज्ञानात इतरही प्रकरणं असतात, हे त्यांना मान्य होतं; पचनसंस्था त्या चार तासांत उरकत. पण 'स्थितिक विद्युत' आलं की तीन आठवडे सातवीचा वर्ग म्हणजे जत्रा. भिंतींना फुगे आणि स्ट्रॉ चिकटलेले. जॅमच्या बाटलीत चॉकलेटच्या चांदीच्या दोन पट्ट्या टांगून केलेलं विद्युतदर्शी. घासलेला कंगवा जवळ नेला की पट्ट्या एकमेकींपासून अशा फाकत, जशा एकाच घरात दिलेल्या दोन बहिणी.

पुस्तकात लिहिलेलं असतं, 'लोकरीच्या कापडावर घासा.' वसईत लोकर कुणाकडे असणार? आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा दोनवर. अख्ख्या शाळेत लोकरीची एकच वस्तू होती, शिपाई परेरा काकांची माकडटोपी. काकांना ती वर्षातून दोनच आठवडे लागे आणि नेमकी तेव्हाच ती सातवीत असे.

"टीचर, कान गार पडतात," काका कुरकुरत.

"काका, विज्ञानासाठी लोकांनी जीव दिलेत. तुम्ही कान द्या."

बाईंचा मंत्र एकच होता: "आधी चोळा, मग बोला." एखादा मुलगा उभा राहून 'ऋणप्रभार म्हणजे' असं घडाघडा म्हणू लागला की बाई त्याच्या हातात स्ट्रॉ देत. "ते पुस्तकाला माहीतच आहे. तू आधी चोळ, मग बोल." एकदा शिक्षकसभेत मुख्याध्यापक गुणवत्तावाढीवर चाळीस मिनिटं बोलले, तेव्हा मागच्या बाकावरून हाच मंत्र ऐकू आला. सरांनी त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे. सभा मात्र लवकर संपली.

या सगळ्याला एक अडचण होती. आमची हवा. समुद्र हाकेच्या अंतरावर. वर्षातले नऊ महिने हवा पिळली तर पाणी निघेल. ओल्या हवेत प्रभार टिकत नाही, फुगा भिंतीवरून घसरून पायाशी येतो. म्हणून हे प्रकरण कधी शिकवायचं, ते बाईंच्या वहिनी ठरवत. वहिनी सुकेळी करायच्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखी होईपर्यंत. हवेत जराशी ओल असली तर केळं काळं पडतं, आंबतं. हवा खरोखर कोरडी झाली आहे का, हे वहिनी दारात उभं राहून नाकानं सांगत. जानेवारीच्या आसपास रोज सकाळी शाळेतून फोन जाई.

"वहिनी, सुकेळी घातली?"

"घातली गो."

"सातवी अ," बाई वर्गात जाऊन जाहीर करत, "उद्या कंगवे आणा. तेल लावून येणाऱ्याला बाहेर उभं करीन."

वार्षिक नियोजनात मात्र हे प्रकरण ऑगस्टमध्ये होतं. नियोजन वरून छापून येई, आणि वर बहुधा केळी वाळवत नसावेत. बाई ऑगस्टमध्ये दुसरंच काही शिकवत आणि सगळे तिकडे काणाडोळा करत.

मग कुणा दात्यानं शाळेला भला मोठा डिजिटल बोर्ड दिला. तो लावायला खोली हवी होती. संस्थाचालकांची नजर प्रयोगशाळेवर गेली. उद्घाटनाला शिक्षणखात्याचे एक अधिकारी येणार होते. मुख्याध्यापकांनी बाईंना सरळच सांगितलं, "बाई, साहेबांना ऑगस्टचा पाठ बघायचाय. प्रयोग झाला, तर प्रयोगशाळा राहील. नाही झाला, तर बोर्ड तिथे जाईल. नाहीतर असं करा, तुम्हीच पाठ बोर्डावर दाखवा, त्या दिवसापुरता तो स्टँडवर उभा करू. त्यातला फुगा दर वेळी चिकटतो."

"म्हणूनच नाही दाखवणार," बाई म्हणाल्या. "दर वेळी चिकटला तर पोरं विचार कशाला करतील?"

पुढचे आठ दिवस बाईंनी ऑगस्टशी युद्ध केलं. कंगवे, स्ट्रॉ आणि फुगे पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळात पुरून ठेवले. माझ्या बायकोचा हेअर ड्रायर जप्त केला. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सातला, बाई, मी आणि परेरा काका असे तिघंच असताना, फुगा तीनदा भिंतीला चिकटला. बाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि पहिल्यांदाच मला चहा पाजला.

अकरा वाजता पाहुणे आले. ओले रेनकोट, संस्थाचालक, त्यांचे फोटो काढणारे, आणि पाणी शिंपडलेला टोपलीएवढा पुष्पगुच्छ घेतलेले साहेब. दोन स्वागतपर भाषणं त्या बंद खोलीतच झाली. मग बाईंनी फुगा माकडटोपीवर घासून भिंतीला लावला.

मुलं मोजू लागली. "एक..."

फुगा पडला.

मुख्याध्यापकांचा हात खिशातल्या बोर्डाच्या रिमोटकडे गेला. बाईंचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण त्या साहेबांकडे वळल्याच नाहीत. मुलांना म्हणाल्या, "का पडला?"

पंधरा हात वर झाले.

"बाई, हवेत बाष्प आहे."

"सकाळी चिकटला होता म्हणालात ना? तेव्हा माणसं कमी होती," जोएल नावाचा मुलगा संस्थाचालकांकडे बघत म्हणाला. "माणसं श्वास सोडतात. बोलली की जास्तच सोडतात."

"आणि बाई," ॲन्सिला उठली, "त्या गुच्छाला पाणी मारलंय. साहेबांनी तो बाहेर ठेवला तर?"

"ए, खाली बस!" मुख्याध्यापक ओरडले.

"बसू नकोस," बाई म्हणाल्या. "आधी चोळा, मग बोला. ठेवून बघू."

साहेब उठले आणि गुच्छ स्वतः बाहेर ठेवून आले. नंतर मुलांनी अतिशय नम्रपणे संस्थाचालकांना व्हरांड्यात नेऊन उभं केलं. मीही श्वास घेत असल्यामुळे मलाही काढलं. खिडकीतून मी पाहत होतो. ड्रायर फिरला, तांदळातला दुसरा फुगा आला, ॲन्सिलानं जीव खाऊन घासला.

"एक... दोन... तीन... चार... पाच!" सहाला पडला.

वर्ग असा ओरडला, जसा काही चंद्रावर माणूस उतरला. साहेब हसत होते. त्यांनी विचारलं, "हे प्रकरण ऑगस्टमध्ये कोणी ठेवलं?" मुख्याध्यापक छताकडे बघू लागले; उत्तर साहेबांच्याच कार्यालयात होतं. जाताना साहेब म्हणाले, "मी जानेवारीत येतो. तोवर ही खोली अशीच ठेवा." पुढे त्यांची बदली झाली, आणि हा आदेश मागे घ्यायला कोणी उरलं नाही. बोर्ड सभागृहात गेला. भाषणांना तिथे त्याची मदत होते.

त्या जानेवारीत बाईंनी मला शेवटच्या तासाला बोलावलं. दरवर्षी प्रकरण एका साखळीनं संपतं, हे मला ठाऊक नव्हतं. मिठाच्या पाण्याची एक बाटली, बाहेरून चांदीचा कागद, झाकणात खिळा. घासलेल्या पाइपनं तिच्यात प्रभार भरायचा, सगळ्यांनी हात धरून गोल उभं राहायचं. एकानं बाटली धरायची, शेवटच्यानं खिळ्याला बोट लावायचं. एक मुलगा गैरहजर होता, म्हणून मी. बाईंनी बाटली भरून ॲन्सिलाच्या हातात दिली आणि अक्षरशः धावत येऊन माझ्या आणि एका लहानखुऱ्या मुलीच्या मध्ये उभ्या राहिल्या. बाईंचा हात थंड होता, घट्ट होता.

जोएलनं खिळ्याला बोट लावलं. मुंगी चावावी तसा झटका सगळ्यांना एकाच क्षणी बसला, आणि तीस जण एकदमच "आई गं!" म्हणाले. बाईसुद्धा.

मग हसू फुटलं, हात सुटले, मुलं दप्तरांकडे पळाली. मीही हात सोडवून घेतला. पलीकडच्या त्या मुलीचा हात मात्र बाईंनी अजून धरलेला होता. त्यांच्या ते लक्षातही नसावं. मुलीनं एकदा दप्तराकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. आणि हात न काढता तशीच उभी राहिली.