चिंतामणरावांचे शेरे

चिंतामणराव देगावकर सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत पोचले, तरी घरी चहाला बोलवावं असं एकही माणूस त्यांना कादंबरीत भेटलं नव्हतं. नायिका ईरा, वय वर्षं सोळा. तिनं खोटी चिठ्ठी लिहून जिवलग मैत्रिणीला शाळेतून काढायला लावलं होतं आणि वर त्याच मैत्रिणीच्या घरी जाऊन पोहे खाल्ले होते. मैत्रीण तरी बरी असेल म्हणावं, तर ती धाकट्या भावाला माळ्यावर कोंडून सिनेमाला जायची. शिक्षक घाबरट, मामा चोरटा. शेजारची म्हातारी जरा सोज्वळ वाटत होती, तर तिनं एकेचाळिसाव्या पानावर मांजराला विष घातलं.

कादंबरी त्यांनी हौसेनं हातात घेतली नव्हती. अकरावीतली त्यांची मुलगी अंकिता पंधरा दिवस घरात धड बोलत नव्हती. जेवतानासुद्धा हे काळ्या कव्हरचं पुस्तक तिच्या ताटाशेजारी असायचं. त्यांच्या पत्नी इंद्रायणीबाई यांचं म्हणणं होतं की काय झालंय ते सरळ पोरीलाच विचारावं. पण सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाचा तोंडी चौकशीपेक्षा कागदपत्रांवर विश्वास जास्त. शनिवारी अंकिता मामाकडं साखरपुड्याला अकलूजला गेली आणि पुस्तक उशीखाली राहिलं. चिंतामणरावांनी ते काढून घेतलं आणि खूण घातली होती तिथून उघडलं. मग काहीच कळेना म्हणून पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली.

वाचताना हातात लाल पेन होतं. हा त्यांचा दोष नव्हता, सवय होती. कागद समोर आला की त्यावर शेरा पडायचाच. ईरा खोटं बोलली तिथं त्यांनी लिहिलं, ‘असत्य कथन’. पोह्यांपाशी लिहिलं, ‘सदर वर्तन अशोभनीय’. मामाच्या चोरीसमोर, ‘खुलासा मागवावा’. प्रत्येक शेऱ्याखाली सही आणि तारीख.

सबंध पुस्तकात त्यांना एकच माणूस पटला, तो म्हणजे ईराचा बाप. ईरा रडत काहीतरी सांगायला आली, तेव्हा त्यानं तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली न घेता सांगितलं, “आधी टाइमटेबल कर. बाकीचं नंतर बघू.” चिंतामणरावांना फार बरं वाटलं. त्यांनी तिथं ठळक अक्षरांत लिहिलं, ‘योग्य’, आणि खाली दोन रेघा मारल्या.

रविवारी दुपारी जेवतानाही ते ईराबद्दलच बोलत होते. भाऊबंदकीतल्या माणसाबद्दल बोलावं, तितक्या त्राग्यानं. एवढं वाईट आहे तर ठेवून द्या की, असं इंद्रायणीबाईंनी सुचवलं. प्रकरण अर्धवट सोडता येत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि हात धुऊन पुन्हा पुस्तक उघडलं. संध्याकाळी ते संपलं. कुणालाही शिक्षा झाली नव्हती, कुणी सुधारलंही नव्हतं. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी अर्धं पान भरून आपला अभिप्राय लिहिला, पुस्तक मिटलं, आणि तेव्हा कुठं त्यांना कव्हरच्या आत चिकटवलेली चिठ्ठी दिसली. पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीचं होतं. सोमवारी परत करायचं होतं. खाली रांगेत असलेल्या नऊ मुलींची नावं होती.

खोडरबरानं शाई गेली नाही, कागद गेला. ईराच्या आजोळच्या वर्णनाला भोक पडलं. सोमवारी पुस्तक होतं तसं उशीखाली ठेवून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते सात रस्ता चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात गेले. नवी प्रत पुण्याहून यायला आठवडा लागेल, असं दुकानदार म्हणाला. हे पुस्तक लई खपतंय, हेही त्यानं ऐकवलं. लोकांना झालंय तरी काय, असं मनाशी म्हणत ते घरी आले, तर उशीखाली पुस्तक नव्हतं. अंकितानं फोन करून आजची शेवटची तारीख असल्याचं आईला कळवलं होतं आणि तिची मैत्रीण पिंकी येऊन ते घेऊनही गेली होती.

“उघडून बघितलंस का तू?” त्यांनी बायकोला विचारलं.

“मी कशाला बघू? वाचण्यासारखं न्हाय म्हणून तुम्हीच सांगितलं की.”

अंकिता परत आली. तीन आठवडे गेले. नवी प्रत आली आणि कपाटात राहिली, कारण ती नेऊन द्यायची म्हणजे गुन्हा कबूल करायचा. शेवटी कॉलेजातून फोन आला, शनिवारी अकराला लायब्ररीत या. चिंतामणरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दिलगिरीचा अर्ज तीन प्रतींत काढला आणि नवी प्रत पिशवीत घेतली.

ग्रंथपाल बसम्मा मॅडम अक्कलकोटकडच्या. त्यांनी अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि नवी प्रत घेतली. जुनी मात्र रद्द करता येणार नाही, म्हणाल्या. पोरी ती सोडायला तयार नव्हत्या. नऊची रांग आता एकतीसवर गेली होती. मॅडमनी ते काळं पुस्तक चिंतामणरावांपुढं सरकवलं आणि सांगितलं, “तुमचं उत्तर आलंय, वाचा.”

प्रत्येक लाल शेऱ्याखाली निळी, हिरवी, पेन्सिलची अक्षरं होती. ‘खुलासा मागवावा’च्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मामा पळून गेला आहे, साहेब. पान ८८ बघा.’ अशोभनीय वर्तनाखाली, ‘तुम्ही कधी सोळा वर्षांचे होता का?’ चिंतामणरावांनी घाईनं ‘योग्य’चं पान काढलं. तिथं तर जागाच उरली नव्हती. ‘पूर्ण पुस्तकात सगळ्यात वाईट माणूस हाच.’ ‘ईरापेक्षा?’ ‘हो. ईरा निदान समोरच्याचं ऐकते तरी.’ आणि अगदी कोपऱ्यात, बारीक तिरप्या अक्षरात, ‘सही ओळखीची आहे. आमच्याकडं टाइमटेबल भिंतीला चिकटवलंय.’

ते अक्षर त्यांनीच शुद्धलेखन घालून वळवलं होतं.

त्यांचा वैताग अनावर झाला. एवढे चोर, लबाड, विषप्रयोग करणारे सोडून पोरींना हा एकटा सरळ माणूस टोचावा, हे कुठल्या न्यायात बसतं, असं त्यांनी बसम्मा मॅडमना विचारलं.

“मलाबी तोच टोचला की, सर,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि पुस्तक पुढच्या मुलीच्या नावावर चढवायला घेतलं.

घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. एकही बातमी डोक्यात शिरत नव्हती. थोड्या वेळानं अंकिता येऊन दाराशी उभी राहिली.

“पप्पा, मी महिनाभर क्लासला गेले नाही,” ती एका दमात म्हणाली. “फिजिक्स मला काहीच कळत नाही. तेवढा वेळ मी लायब्ररीत बसते.”

चिंतामणरावांच्या ओठांपर्यंत एक वाक्य आलं. चांगलं घोटलेलं, वेळापत्रकासहित, आणि शेवटी ‘आमच्या वेळी’ होतंच. ते त्यांनी गिळलं. सोपं गेलं नाही. मग वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून परत घातली, आणि पेपर खाली ठेवला.

“बरं,” ते म्हणाले. “मग?”

अंकिता पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. ते आलंच नाही. तिनं एक पाऊल पुढं येऊन बापाचा चेहरा निरखला आणि स्वयंपाकघराकडं वळून हाक मारली,

“आई, जरा इकडं ये ना. पप्पांना बरं वाटत नाहीये.”