वजा वजनाची कयाक

नवशिक्या वल्हेकऱ्यांसाठी बनवलेल्या हलक्या कयाकचं मूल्यमापन करण्यासाठी जिल्ह्यातून आमच्या शाळेची निवड झाली. कारण शाळेच्या मागं तलाव आहे. तलाव याआधीही शाळेच्या मागंच होता, पण तेव्हा त्याचा उपयोग पोरांना तिकडं जाऊ नका असं सांगण्यापुरताच व्हायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट होडी. मधल्या खोलगट जागेत बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं धरायचं आणि एकदा इकडं, एकदा तिकडं पाणी मागं ढकलायचं. आमची कयाक पिकल्या आंब्याच्या रंगाची होती. दिवाळीची सुट्टी संपता संपता ती टेम्पोतून उतरली, तेव्हा तलाव काठोकाठ भरलेला होता, आणि मी ठरवून टाकलं की हिच्यात बसून पाण्यावर पहिली मीच जाणार. मी म्हणजे संघप्रिया, नववी ब. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून माझ्या मनात आलेलं तोंडात थांबत नाही, त्यामुळं हेही लगेच बोलून टाकलं.

"सर, मी बसू?"

राघवेंद्र सर आमचे खेळाचे शिक्षक आणि मूल्यमापन समितीचे सचिव. ते म्हणाले, "कशात?"

"कयाकमध्ये. तलावात नेऊन."

"संघप्रिया, मूल्यमापन व्हायच्या आधीच ती पाण्यात टाकली आणि बुडाली, तर मूल्यमापन कशाचं करायचं?"

कयाक सभागृहातल्या स्टेजवर चढली आणि तिला साखळी-कुलूप बसलं. मी फार प्रश्न विचारते म्हणून मला समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी घेतलं. समितीवरच्या माणसानं प्रश्न विचारायचे नसतात, हे मला नंतर कळलं.

मजबुतीची चाचणी आपोआपच झाली. आमच्याकडं कुठलीही नवी वस्तू आली की नारळ फुटतो. संगणक आला तेव्हा तो उंबऱ्यावर फोडला होता. कयाकचा मान मोठा, म्हणून तिच्याच नाकावर फोडायचं ठरलं. मुख्याध्यापिका चंद्रप्रभा मॅडमनी पदर खोचून नारळ हाणला. तो उसळून परत हातात आला. मॅडमनी आणखी जोर लावला. या वेळी नारळ सरांच्या कानाजवळून गेला आणि ऑफिसची काच घेऊन आत पडला. आम्ही जाऊन बघितलं. काचेचा चुरा झाला होता, नारळ शाबूत होता आणि कयाकवर ओरखडाही नव्हता.

"मजबुती उत्तम," सरांनी लिहून घेतलं.

"आणि काच?" मॅडमनी विचारलं.

"काचेचं मूल्यमापन आपल्याकडं नाही, मॅडम."

मग हलकेपणाची पाळी आली. शाळेत पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा काटा आहे, पण त्यावर कयाक ठेवली की तिचं एक टोक स्वयंपाकघरात आणि दुसरं सातवीच्या वर्गात जात होतं. म्हणून ती ट्रॅक्टरवाल्या व्यंकटदादाच्या ट्रॉलीत घालून ढोकीच्या रस्त्यावर गुंडाप्पा काकांच्या वजनकाट्यावर नेली. तिथं ऊस मोजतात. आधी भरलेला ट्रॅक्टर, मग रिकामा, आणि मधला फरक म्हणजे माल. आम्ही आधी कयाकसकट ट्रॅक्टर काट्यावर घेतला. मग कयाक खाली उतरवली. तेवढ्यात भजी तळल्याचा वास आला आणि व्यंकटदादा ट्रॅक्टर ढोकीच्या बाजूला वळवून गायब झाला. परत आला तो दोन मजुरांना ट्रॉलीत बसवून, त्यांना पुढं सोडायचं होतं म्हणून. ते तसेच काट्यावर मोजले गेले.

"सर," मी म्हणाले, "ट्रॉलीत माणसं बसलीत."

"आपण माणसांचं मूल्यमापन करतोय का?"

गुंडाप्पा काकांनी आकडा बघितला, डोकं खाजवलं आणि सवयीनं त्यातून पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची, घट कापली.

"काका, कयाकला पाचट नसतं," मी म्हणाले.

"समद्यालाच असतंय, पोरी. ज्याच्या मालाला नसतंय, त्यो कारखान्याच्या संचालकाचा पाव्हणा असतोय."

हिशेब असा निघाला की आमच्या कयाकचं वजन शून्यापेक्षाही कमी आहे. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना भजी सांगितली. "नवशिक्यांसाठी याहून हलकी कयाक मिळणं शक्य नाही," ते म्हणाले. पण येताना रस्त्यात त्यांना काळजी लागली. वजा वजनाची वस्तू वाऱ्यानं उडून गेली, तर जबाबदार कोण? दुसऱ्या दिवशी कयाकच्या खोलगट भागात वाळूची पोती भरली. मग ती कुणाला उचलेना. शाळेत आलेला कुणी पाहुणा विचारी, हलकी कयाक एवढी जड कशी, तर सर सांगत, ती फार हलकी आहे म्हणून.

थंडी सरली. तलावाचं पाणी कुंपणापासून बरंच मागं गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळात बगळे फिरत होते. मी रोज मधल्या सुट्टीत जाऊन बघायची. पाणी अजून पुष्कळ होतं. कयाक तरंगायला लागतं तरी किती?

"सर, आता बसू?"

"आता तर तू बसूच शकत नाहीस," सर म्हणाले. वरून विचारणा आली होती. मूल्यमापन नवशिक्यानं करायचं आहे, तर करणारी व्यक्ती नवशिकी असल्याचा पुरावा जोडावा.

मी तडक ग्रामसेवकांकडं गेले. रणधीर भाऊसाहेब चांगले आहेत, कुणालाच नाही म्हणत नाहीत, उद्या ये म्हणतात.

"भाऊसाहेब, मला कयाक चालवता येत नाही असा दाखला पाहिजे."

"येत न्हाय हे मला कसं कळावं?"

"मी सांगते की."

"तू सांगून व्हतंय व्हय? उद्या कुणीबी येऊन म्हणंल मला हे येत न्हाय, ते येत न्हाय. दोन साक्षीदार आण. तुला कयाक चालवत नसताना बघितलेले."

"असं तर अख्ख्या गावानं बघितलंय."

"अख्खं गाव चालत न्हाय. दोनच लागत्यात."

मी दोघांना घेऊन गेले आणि दाखला मिळवला. त्यावर लिहिलं होतं की सदर कुमारीस काहीही येत नाही. आईनं तो शोकेसमध्ये माझ्या ढालीशेजारी ठेवला.

पण नवशिक्याला एकदम पाण्यात कसं सोडणार? आधी प्रशिक्षण हवं. वल्ह्याला साखळी होती, म्हणून मला स्टेजवर बाकावर बसवलं आणि हातात खराटा दिला. मी मोबाइलवर बघून बघून पाठ केलेलं सगळं ओतलं. खांदे सैल, कंबर वळवायची, पातं घुसवायचं, ओढायचं. खाली बसलेल्या पाचवीच्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. सरांचा चेहरा आधी फुलला आणि मग उतरला.

"संघप्रिया, तू तर शिकलीस."

"मग चांगलंय की, सर."

"चांगलं कसलं? दाखला खोटा पडतो. आता दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

एवढं करून कयाकमध्ये पहिली दुसरीच कुणीतरी बसणार होती. मी त्या दिवसापासून न येण्याचा सराव सुरू केला. खराटा उलटा धरला. एकाच बाजूनं ओढला. तोल जाऊन बाकावरून पडले, आणि एकदा तर खराट्याची मूठ स्वतःच्याच कपाळावर मारून घेतली. यायला लागलेली गोष्ट न येऊ देणं लई अवघड असतं. शेवटी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर सर म्हणाले, "आता प्रगती दिसतेय."

परीक्षा संपल्यावर पाहणीचा दिवस ठरला. जिल्ह्याचे साहेब गाडीतून उतरले. अख्ख्या वर्गातल्या पोरांनी मिळून वाळूसकट कयाक कशीबशी खांद्यावर घेतली, ताशा लागला आणि आम्ही वाजत-गाजत बांधावर चढलो. पलीकडं तलाव नव्हता. म्हणजे जागा होती. तिच्या तळाशी पोरं क्रिकेट खेळत होती आणि एक म्हैस भेगाळलेल्या चिखलावर उभी राहून त्यांच्याकडं बघत होती.

साहेबांनी गॉगल काढला. "पाणी कुठंय?"

"ते आपल्या कक्षेत नव्हतं, साहेब," राघवेंद्र सर म्हणाले. "कयाक आपली. तलाव दुसऱ्या खात्याचा."

साहेबांना हे पटलं. मला मात्र रडू येत होतं. मी म्हशीकडं बघत राहिले, कारण समितीवरच्या माणसानं रडायचं नसतं.

तेवढ्यात बांधाखाली पाण्याचा टँकर येऊन थांबला. तो रोज त्याच वेळेला येतो. बाया घागरी घेऊन धावल्या. त्यांच्यात माझी हरणाबाई आत्या पुढं. घागरी भरल्या तरी पाइपातून धार चालूच राहिली, कारण टँकरवाल्याला ती बंद करायची घाई नसते, पुढच्या गावाची असते. आत्यानं इकडंतिकडं बघितलं आणि तिची नजर कयाकवर पडली.

"ए पोरी, ते पिवळं काय हाय? आण की हिकडं. पाणी चाललंय वाया."

"आत्या, ते मूल्यमापनाचं आहे."

"मग धुऊन घेऊ."

सरांनी तोंड उघडायच्या आत बायांनी वाळूची पोती बाहेर फेकली, कयाक विसळली आणि धारेखाली लावली. ती काठोकाठ भरली. साहेब खाली वाकले, कयाकच्या पोटाखालून हात फिरवला आणि कोरडा हात सगळ्यांना दाखवला.

"गळत नाही," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत त्या कयाकबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं.

"झ्याक हाय," आत्या म्हणाली. "घरटी एक पायजे."

"कयाकचा पाण्याशी संबंध आला ना?" साहेबांनी सरांना विचारलं. "मग झालं की. नवशिकी कुठंय? फोटो घ्या."

बायांनी हंड्या-कळशांनी पाणी काढून नेलं. तळाशी घोट्याएवढं उरलं. मी आत्याकडं बघितलं.

"बस बाय," ती म्हणाली, "आता ते म्हशीलाच जाणार हाय."

मी बसले. पाणी गार होतं. मी खांदे सैल सोडले, कंबर वळवली आणि वल्हं मारलं. पातं मातीवर घासलं आणि धुरळा उडाला. दुसऱ्या बाजूनं मारलं, तिकडंही उडाला. कयाक जागची हलली नाही. तरी मी वल्हवत राहिले, कारण साहेब सारखे "अजून एक" म्हणत होते. सर जमिनीवर आडवे झाले, म्हणजे फोटोत माझ्या मागं नुसतं निळं आभाळ यावं.

अहवाल वर गेला आणि आमच्या शाळेला जलक्रीडेत उत्कृष्ट ठरवलं. आता प्रत्येक शाळेला एकेक कयाक मिळणार आहे. शाळेजवळ तलाव हवा ही अट काढून टाकली, कारण आमच्या मूल्यमापनात तलावाची कुठंच गरज पडली नव्हती. मला दुसरी ढाल मिळाली आणि मी आता बाकीच्या शाळांमध्ये खराट्यावर वल्हवायला शिकवते.

तो फोटो तुमच्याकडंही आला असेल. तुम्ही त्यावर अंगठा दाखवलात. काहींनी "लेक असावी तर अशी" असं लिहिलंत आणि पुढं पाठवून दिलात. परत एकदा बघा. सर कितीही आडवे झाले तरी डाव्या कोपऱ्यात म्हैस आली आहे, आणि तिच्या पायावर धूळ आहे. पाणी कुठंय, असं तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

त्यामुळं अहवालात प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची नावं द्यायची होती तिथं सरांनी तुमचीच दिली आहेत. कुणाला हरकत असेल तर तसं काही पाहिलं नसल्याचा दाखला रणधीर भाऊसाहेबांकडं मिळतो. फक्त येताना दोन साक्षीदार आणा. तुम्हाला न बघताना बघितलेले.