वकीलसाहेबांचे खांब

आमचे सासरे अमरावतीचे नामांकित वकील आणि त्यांचा छंद दुसऱ्याच्या दुकानापुढे खड्डे खणण्याचा. काळा कोट दुकानाच्या फळीला टांगायचा, धोतर खोचायचं आणि सब्बल घेऊन स्वतः खणायचं. बडनेऱ्याच्या भंगारातून आणलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा त्यात उभा करायचा, गिट्टी-चुन्याने पक्का करायचा आणि दुकानदाराला सांगायचं, "आता येऊ द्या कोनती मोटार येते तं. गाडीले डोये नसतेत."

मी अकोल्याचा शाळामास्तर. पहिल्या दिवाळसणाला गेलो तोवर हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाडव्याच्या सकाळी सासरे, म्हणजे आमचे मामाजी, म्हणाले, "जवाईबापू, चला, बाजार दाखवतो." मी नवा कोट घालून निघालो. बाजार मी पाहिला तो रूळ धरून. भर चौकात मी उभा आणि मामाजी किल्ल्यांचा जुडगा सुतळीला बांधून ओळंबा लावताहेत. "डावीकडं घ्या. लय नोका घेऊ." भोवती ही गर्दी. त्यात माझ्याच शाळेतल्या एका मुलाचा बाप निघाला. त्याने अदबीने नमस्कार केला. तोंड कुठे लपवू असं मला झालं, आणि लपवायला समोर होता फक्त रूळ, चार बोटं रुंद.

मामाजींना दुकानदार नाही म्हणत नसत, कारण बहुतेकांचे दावे त्यांच्याकडेच होते. खांबांपायी होणारे हालही निमूट सोसत. पोट सुटलेल्या सराफाला आपल्याच दुकानात आडवं होऊन शिरावं लागे. बायकांचे पदर अडकत. गायी येऊन पाठ घासत. नगरपालिकेचा माणूस तक्रार घेऊन आला, तर सायकल उतारावर मोकळी उभी केल्याबद्दल मामाजींनी त्यालाच झाडलं.

घरी आल्यावर मी बायकोवर चिडलो. म्हटलं, तुझ्या वडिलांचं स्वतःचं दुकानही नाही, मग ही कसली भीती? तिने वर न बघताच सांगितलं.

मामाजींनी एक जुनी मोटार घेतली होती. घरापुढे उतार, त्यात मोटारीचा ब्रेक धरत नसे, म्हणून चाकाखाली कायम दगड. दसऱ्याला मोटारीची पूजा मांडली. चाकाखाली लिंबू ठेवायचं, म्हणून तो दगड मामाजींनीच काढला. ते हातात आरतीचं ताट घेऊन उभे, आणि मोटार जी निघाली ती थेट उताराच्या टोकाला, सुभद्राबाई फुलवालीच्या झेंडूच्या ढिगात. मोटारीला घातलेला हारसुद्धा त्या बाईनेच सकाळी गुंफून दिला होता. बाई वाचली, पण पाय कायमचा अधू झाला. मामाजींनी तिच्या इलाजाचा खर्च केला, मोटार विकून टाकली. बाईने पोलिसांत एक शब्द सांगितला नाही. तेच त्यांना सोसलं नाही.

मग माझ्या ध्यानात आलं की बाजारातल्या दुकानांच्या ओळीत एकच दुकान बिनखांबाचं आहे. ते सुभद्राबाईचं. तिथून जाताना मामाजी मान खाली घालून भराभर चालत. माझी त्या सकाळची लाज मला फार किरकोळ वाटू लागली.

पुढच्या दिवाळीला पुन्हा रूळ आणि पुन्हा मी. आम्ही हातगाडी ढकलत बाईच्या दुकानावरून पुढे जाणार, एवढ्यात ती काठी टेकत रस्त्यावर उतरली.

"वकीलसाहेब, माह्या दुकानानं तुमचं काय घोडं मारलं?"

मामाजींनी मान आणखी खाली घातली आणि हातगाडी पुढे रेटली.

"गाडीले डोये नसतेत, असं तुमीच मनता ना? तुमाले तं हायेत. मंग इकडं पाहत काऊन नाही?"

मामाजींनी हातगाडी थांबवली. शेवटी मान वर करून म्हणाले, "बाई, मले लाज वाटते."

"ते मले दिसून राहिलं," ती म्हणाली. "लावा खांब. मले बी टेकाले होईन."

खड्डा खणला. रूळ मी धरला. मामाजींनी ओळंबा लावला, पण डोळे असे भरले होते की त्यांना सुतळी दिसेचना. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "जवाईबापू, सरळ हाय का?"

रूळ चांगलाच दुकानाकडे कलला होता.

"सरळ हाय, मामाजी," मी म्हणालो, आणि पायाने गिट्टी लोटली.